वारज्यातल्या कोर्टाच्या बाई

पुणं जवळ आल्याचं मला ट्रॅव्हल्सच्या क्लीनरवरून कळलं. मोर्शीहून निघताना "मावशी, मावशी" करत माझी बॅग डिकीत ठेवणारा हा माणूस सकाळी वाघोली मागे पडल्यावर "उतरणारे पुढे या, गाडी थांबणार नाही" असं समोरच्या काचेकडे बघत बोलायला लागला. गाडी मात्र सगळीकडे थांबत होती. वारज्याच्या पुलाखाली मी उतरले, तेव्हा त्याने बॅग काढून दिली आणि माझ्याकडे एकदाही न बघता आत चढला. एवढ्यात असं काय बिघडलं? मी बॅगेची चेन तपासून घेतली. नीट होती.

मी स्वभावाने संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी झाली. परीक्षेच्या वर्गात बाकांमधून फिरता फिरता नजरेला वळण लागलं. कुणाचा हात बाकाखाली गेला की लक्ष आपोआप तिकडे जातं. निवृत्त झाले, तरी ते वळण गेलं नाही.

अनिकेत, माझा मुलगा, घ्यायला आला होता. तो हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि वारज्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटाच राहतो. दोन महिने त्याच्याकडे राहायचं आणि आपल्या गावच्या साप्ताहिकासाठी काहीतरी लिहायचं, असं ठरवून मी निघाले होते. संपादकांनी बजावलं होतं, "पुण्याचं लिहा ताई, पण शनिवारवाडा नको. तो सगळ्यांनी पाहिलाय."

फ्लॅट बराच वरच्या मजल्यावर आहे. गॅलरीत उभं राहिलं की एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला लांबवर टेकड्या आणि मध्ये नुसत्या इमारती. त्या इमारतींच्या बेचक्यात मात्र ज्वारीचा एक हिरवा पट्टा दिसला. त्याच्या कडेला झाड आणि झाडाखाली पत्र्याचं छप्पर.

"हे रान कुणाचं?" मी विचारलं. (इकडे शेताला रान म्हणतात, आपण वावर म्हणतो.)

"काय माहीत," अनिकेत म्हणाला. "बिल्डरचं असेल."

मग तो मला स्वयंपाकघर दाखवायला घेऊन गेला. तिथे कॉफीचं यंत्र होतं, पण चहाचं भांडं नव्हतं आणि गाळणीही नव्हती.

"टी-बॅग आहेत ना," तो म्हणाला.

माझी लिहिण्याची सवय चहाला बांधलेली आहे. दुपारी थोडी पाठ टेकायची, उठून चहा ठेवायचा. तो उकळेपर्यंत डोक्यात पहिलं वाक्य यायला हवं. कप रिकामा झाला की लिहायला बसायचं. कधी पान भरतं, कधी दोनच ओळी होतात. पण चहा चुकला की लिहिणं चुकतं, आणि लिहिणं एकदा चुकलं की आठवडा जातो. दोऱ्याला टांगलेली ती पुडी कपात बुडवून मी पहिल्या दुपारी बसले. पाण्याला रंग आला. मला वाक्य आलं नाही. घरात इतकी शांतता होती की फ्रिज बंद-चालू झाला तरी दचकायला होत होतं.

दुसऱ्या दिवशी कर्वेनगरला गेले. तिथे एका अमृततुल्यात (पुण्यात चहाच्या जुन्या पद्धतीच्या दुकानाला असं म्हणतात) बसले. चहा खरंच चांगला होता, वेलची जरा पुढे. सोबत खारी मागवली. मैद्याची, पापुद्र्यांची, चहात बुडवली की अर्धी तळाशी जाते. मी पिशवीतून कागद काढले, चष्मा लावला. दोन ओळी झाल्या असतील, तोच गल्ल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "आपण तपासणीला आलात का?"

"नाही हो. लिहितेय."

"ते दिसतंय. इथे चहा मिळतो. टेबल मिळत नाही."

आवाजात राग नव्हता. हवामान सांगावं तसं सांगितलं. मी उठले. बाहेर पडताना वळून पाहिलं, तर ते गृहस्थ मी बसलेल्या टेबलाखाली वाकून बघत होते. मी तिथे काही ठेवून आले असेन, अशी शंका त्यांना आली असावी. मला त्यांचा राग आला नाही. मीही वाकून पाहिलं असतं.

मग गॅलरीतून दिसणाऱ्या त्या छपराची आठवण झाली. सर्व्हिस रोडवरून दोन सोसायट्यांच्या मधल्या बोळात शिरलं की शेवटी करंजाचं झाड आहे. त्याच्याखाली पत्रे, शेगडी, दोन लाकडी बाकडी. मागे ज्वारी. बांधावर (आपल्याकडच्या धुऱ्यावर) गवती चहा लावलेला होता. चहा टाकणारी बाई माझ्याच वयाची, डोक्यावर पदर, कमरेला मोबाईल. तिने विळ्याने दोन पाती कापली, हातावर चुरगाळली आणि भांड्यात टाकली. वास आला आणि मला पहिलं वाक्य सुचलं.

मी बाकड्यावर बसून लिहायला लागले. गिऱ्हाईक येत-जात होतं. ड्युटी बदलणारे वॉचमन, गवंडी, कॉलेजची मुलं. थोड्या वेळाने मान वर केली, तर ती बाई माझ्याकडे बघत होती. बराच वेळ बघत असावी.

"काय लिवताय?" तिने विचारलं.

"असंच. दिसेल ते."

"रोज लिवता?"

"रोज."

तिने मान हलवली आणि दुसरा चहा न मागता दिला.

शालन तिचं नाव. दुसऱ्या दिवशी गेले, तर माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली होती. बाकीचे बाकड्यावर आणि मला एकटीला हाताची प्लास्टिकची खुर्ची. मला बरं वाटलं. पण ती खुर्ची छपराबाहेर, बोळाच्या बरोबर तोंडाशी ठेवलेली होती आणि तिथे ऊन येत होतं. मी ती सावलीत ओढली. तिसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा उन्हात. मी पुन्हा ओढायला लागले, तशी शालनबाई म्हणाली, "तितंच ऱ्हाऊ द्या. वारं लागतंय." वारं कुठेच नव्हतं. ऊन लागू नये म्हणून तिने माझ्या डोक्यावर पोत्याचा आडोसा बांधून दिला, पण खुर्ची हलवू दिली नाही.

तिथून माझ्या मनात नोंदी सुरू झाल्या. मी लिहिताना थांबले की शालनबाई शेगडीपाशी बसूनच म्हणायची, "का थांबला? लिवा की." मी चष्मा काढला की म्हणायची, "लावूनच बसा, डोळं खराब व्हतील." एकदा मी पिवळी साडी नेसून गेले, तर तिचा चेहरा उतरला. "कालची पांढरी बरी हुती," ती म्हणाली, "काळ्या काठाची." गिऱ्हाईक आपसात बोलत असायचं आणि मी बोळात दिसले की सगळे गप्प. एक दिवस मोटरसायकलवर एक माणूस आला. इंजिन बंद न करता त्याने मोबाईल वर धरला, माझा फोटो काढला आणि वळून निघून गेला.

"तो कोण होता?" मी विचारलं.

"कुणाला ठावं," शालनबाई म्हणाली आणि आलं ठेचत राहिली. गरजेपेक्षा जास्त जोरात ठेचत होती.

या चहामागे दुसरा काहीतरी धंदा आहे आणि पांढऱ्या साडीतली एक शिक्षिका समोर बसवून त्याला सोज्वळपणा आणला जातोय, अशी माझी खात्री होत चालली. गुटखा? चोरीचा माल? ती दुधाची पिशवी आणायला बोळाबाहेर गेली असताना मी बाकड्याखाली वाकून पाहिलं. साखरेचे डबे होते. छपराच्या मागे गेले. वाकलेले पत्रे, फुटलेली चूल, आणि ज्वारीत आडवा झालेला एक रुंद पट्टा, त्यावरून काहीतरी जड गेल्यासारखा. भंगाराचा धंदा असावा, असं मी मनात लिहून ठेवलं.

कागदावरही लिहिलं. गंमत म्हणजे लिहिणं जोरात चाललं होतं. संशयाला शाई लवकर लागते. मोर्शीत आठवड्यात होत नव्हतं, एवढं एका दुपारी होत होतं. घरी जाऊन वाचलं की आपलं आपल्यालाच बरं वाटायचं. त्यामुळे तिथे काहीतरी काळंबेरं आहे असं वाटत असूनही मी रोज दुपारी निघायचे, तिचा चहा प्यायचे आणि तिच्याविरुद्ध लिहायचे.

एका संध्याकाळी परतत होते. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी पांढरी गाडी उभी होती. तिला टेकून पांढऱ्याशुभ्र कपड्यातले एक गृहस्थ. मला पाहताच सरळ झाले, हात जोडले.

"नमस्कार बाई. आपण रोज आमच्या वहिनींकडे बसता."

"कोणत्या वहिनी?"

"शालनवहिनी. मी त्यांचा धाकटा दीर, विलास. आपलं काम कुठपर्यंत आलं?"

"कोणतं काम?"

"लिहिण्याचं." ते हसले. "कोर्टाने आपल्याला जागेची पाहणी करायला बसवलंय, हे आम्हाला कळलंय. आमची काही तक्रार नाही. फक्त आमचीही बाजू लिहा, एवढीच विनंती."

मी म्हणाले, "तुमचा गैरसमज होतोय. माझा कोर्टाशी काही संबंध नाही."

"सांगता येत नसेल, समजू शकतो," ते आदबीने म्हणाले. मग गाडीचं दार उघडताना, सहज आठवल्यासारखं, "अनिकेतराव आमच्या मेव्हण्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. चांगला मुलगा आहे. भाडं कधी चुकवत नाही."

लिफ्टमध्ये मी भलत्याच मजल्याचं बटण दाबलं. खरं सांगितलं की समोरच्याचा संशय वाढतो, हे मी परीक्षेच्या वर्गात अनेक मुलांच्या बाबतीत पाहिलं होतं. त्यांच्या जागी उभं राहण्याची ही पहिलीच वेळ.

अनिकेतला सांगितलं, तर त्याने लॅपटॉप मिटला. "आई, मी आधीच म्हणणार होतो. इथल्या जमिनींच्या मॅटरमध्ये आपण पडायचं नाही. आपण बाहेरचे. ओनरने उद्या रूम खाली कर म्हटलं, तर मी कुठे जाऊ?"

त्याचं चूक नव्हतं. मी जाणं थांबवलं. दुपारी टी-बॅग बुडवून बसायची आणि फ्रिजचा आवाज ऐकायची. लिहिणं बंद पडलं. पण मला लिहिण्यापेक्षा वेगळंच काहीतरी खात होतं. कोर्टाची बाई ही अफवा आपोआप उठलेली नाही, ती कुणीतरी उठवलेली आहे. खुर्ची, चष्मा, पांढरी साडी. सगळं एकाच माणसाकडे बोट दाखवत होतं.

म्हणून एका सकाळी, गर्दी नसताना, मी बोळात शिरले. शालनबाई एकटीच भांडी घासत होती.

"मी कोर्टाची आहे असं तुम्ही सांगितलंत?"

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. हात पदराला पुसले.

"सांगितलं," ती म्हणाली.

ती नाकबूल करेल या तयारीने मी गेले होते.

"बसा," ती म्हणाली. मी उभीच राहिले. मग तीच बसली आणि सांगायला लागली. नवरा वारला तेव्हा जमिनीची वाटणी झालेली नव्हती. गाव शहरात गेलं, रानांच्या इमारती झाल्या, भावकीतल्या (एकाच कुळातल्या चुलत मंडळींतल्या) सगळ्यांनी बिल्डरला सह्या दिल्या. हा पट्टा तेवढा राहिला, कारण तिने सही दिली नाही. दीर म्हणतात, वहिनींचा कब्जाच नाही. ती म्हणते, मी इथे रोज चहा करते, हा कब्जा नाही तर काय? मुलगी साताऱ्याला नर्स आहे, तिने वकील लावला. कोर्टाची तारीख जवळ आली आहे.

"तारखेच्या आत छप्पर उठवलं, की मग मी कुठं बसले हुते ते कोण सांगनार? दोनदा जेसीबी आनला त्यांनी. चूल मोडली, रान तुडवलं. तुमी बसाय लागल्यापासनं एकदा बी आले न्हाईत."

"मला विचारायचं होतं," मी म्हणाले.

"इचारलं असतं तर बसला असता?"

मी बसले नसते.

"मी बोलले ते खोटं," ती म्हणाली. "पर तुमी बसून लिवत व्हता, ते तर खरंच हाय की."

"माझा मुलगा राहतो तो फ्लॅट तुमच्या दिराच्या मेव्हण्याचा आहे."

हे तिला माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून कळलं. इतके दिवस त्या चेहऱ्यावर मी हजार गोष्टी वाचल्या होत्या, पण एवढी स्पष्ट गोष्ट कधी दिसली नव्हती.

"मग नका येऊ," ती म्हणाली. "लेकराच्या घरावर माझं छप्पर नको."

निघताना मी छपराच्या मागे एक फेरी मारली. एकदा खोटं बोललेली बाई दुसऱ्यांदा खरं बोलते आहे, हे नुसतं ऐकून मानणं माझ्या स्वभावात नाही. वाकलेले पत्रे, फुटलेली चूल आणि तुडवलेली ज्वारी तिथेच होती. चुलीची आतली बाजू अजून काजळीने काळी होती. मी आधी पाहिलं होतं तेच सगळं, आणि मी त्याला भंगार म्हटलं होतं.

त्या रात्रीच्या जेवणात मी अनिकेतला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, जेवत नव्हता.

"तू दोन महिने झाले की जाशील आई," तो शेवटी म्हणाला. "मला इथे राहायचंय."

मी ताटं उचलली. सकाळी तो कंपनीच्या बससाठी बूट घालत होता. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "तारीख कधी आहे त्यांची?"

"पुढच्या आठवड्यात."

"मग तोवर बस. ॲग्रीमेंट संपेपर्यंत ते मला काढू शकत नाहीत. नंतरचं नंतर." लेस बांधून झाली तरी तो वाकलेलाच होता. "आणि जेसीबी आला, तर त्याच्या जवळ जाऊ नकोस."

त्या दुपारी मी पांढरी साडी नेसले. मला बघून शालनबाईने खुर्ची आणली, बोळाच्या तोंडाशी.

"एक अट आहे," मी म्हणाले. "यापुढे मला कोर्टाची म्हणायचं नाही."

"न्हाई म्हननार," ती म्हणाली. "पर त्यांनी मानलंय, त्याला मी काय करू?"

खोटं तिचं, बसणं माझं. यातलं किती पाप कुणाच्या वाट्याला येतं, ते मला अजून नीट सांगता येणार नाही. पण बसले. आता मला बोळातून येणारी प्रत्येक मोटरसायकल विलासरावांची वाटायची. कुरिअरवाल्यालाही मी नाव विचारलं. शालनबाई तिच्या जागेवरून बघायची, मी माझ्या. दोघींचं बोलणं कमीच व्हायचं. मध्येच ती ग्लास आणून ठेवायची, तो संपेपर्यंत दोघीही रस्त्याकडे बघणं सोडायचो. दिवसातला तेवढाच विसावा.

तारखेच्या आदल्या दिवशी, दुपारी, आवाज आला. बोळाच्या तोंडाशी पिवळं धूड उभं राहिलं आणि माझ्यावरचं ऊन गेलं. बाकड्यावरचं गिऱ्हाईक एकेक करत सरकलं, कुणी तर अर्धा चहा तसाच टाकून. विलासराव जेसीबीच्या मागून चालत आले. सोबत दोघं होते.

मी लिहायला लागले, कारण दुसरं काही सुचेना. 'पिवळं यंत्र. चालकाच्या गळ्यात लाल रुमाल. तो तंबाखू मळतो आहे.' अक्षर इतकं वाईट आलं की एखाद्या विद्यार्थ्याचं असतं तर मी गुण कापले असते.

"बाई, आज आपण घरी जा," विलासराव म्हणाले. "धूळ होईल."

"माझा चहा व्हायचाय."

ते माझ्याजवळ आले. आवाज खाली आला. "आज खरं सांगा. आपण कोर्टाच्या आहात की नाही?"

शालनबाईने शेगडीवरून मान वर केली. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. कुणाला कळणार होतं?

"नाही," मी म्हणाले. "तेव्हाही सांगितलं होतं. मी मोर्शीची आहे, निवृत्त शिक्षिका. आमच्या गावच्या साप्ताहिकात प्रवासवर्णन लिहिते."

"प्रवासवर्णन." त्यांनी तो शब्द तपासून पाहिला. "यात प्रवास कुठेय?"

"मी मोर्शीहून आलेय."

"मग आता कशाबद्दल लिहिताय?"

"तुमच्याबद्दल."

ते माझ्या कागदांकडे बघत राहिले. "त्यात माझं नाव येणार?"

"अजून ठरलेलं नाही."

त्यांनी सोबतच्या माणसाकडे पाहिलं. मी खरं बोलत होते आणि त्यांना ते खरं वाटत नव्हतं, किंवा खरं वाटत होतं आणि आवडत नव्हतं. दोन्हींत मला भीती वाटत होती. तेवढ्यात शालनबाई ट्रे घेऊन आली. तिचे हात स्थिर होते.

"भावजी, चहा घ्या," ती म्हणाली. "हुबं ऱ्हाऊन नका पिऊ. बसा."

भर दुपारी, वरच्या गॅलऱ्यांतून लोक बघत असताना, थोरल्या भावजयीच्या हातचा चहा नाकारणं त्यांना जमलं नाही. ते बाकड्याच्या टोकाशी बसले. शालनबाईने दुसरा ग्लास जेसीबीच्या चालकाला नेऊन दिला. त्याने चहा प्यायला म्हणून इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की ज्वारीची पानं वाजलेली ऐकू आली. विलासराव फुंकर मारून सावकाश पीत होते. गवती चहाचा वास आला असावा, कारण मध्येच थांबून ते म्हणाले, "आईच्या हातचा लागतो."

"त्यांनीच शिकीवला," शालनबाई म्हणाली.

मग त्यांचा फोन वाजला. ते बोळाच्या बाहेर जाऊन बराच वेळ बोलले. परत आले, रिकामा ग्लास बाकड्यावर ठेवला.

"उद्या बघू," ते कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले. चालकाने इंजिन सुरू केलं. मला वाटलं, पुढे येणार. पण यंत्र मागे मागे सरकत सर्व्हिस रोडला लागलं.

ते का गेले, हे मला आजही माहीत नाही. माझ्या कागदांना भ्याले की गॅलरीतल्या लोकांना लाजले? की फोनवर वकिलाने दम दिला? चहाने गेले असं लिहायचा मोह होतो, पण माझा त्यावर विश्वास नाही. शालनबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "गेला न्हवं? मग झालं." आणि ग्लास विसळायला घेतले. तेव्हा कुठे तिच्या हातून एक ग्लास निसटून फुटला.

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीत होते आणि ती शेगडीपाशी. दुपार उलटल्यावर तिच्या मुलीचा फोन आला. शालनबाईने ऐकून घेतलं, फोन कमरेला लावला. "जैसे थे म्हनलेत," ती म्हणाली. "निकाल लागेस्तोवर कुनी हात लावायचा न्हाई." तिने भांड्यात नवं पाणी ओतलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच माझी खुर्ची सावलीत ओढली.

अनिकेतला घरमालकाचा फोन आलाच. आवाज गोड होता, पण ॲग्रीमेंट वाढवायचं नाही असं स्पष्ट सांगितलं. त्याने कर्वेनगरात दुसरी जागा बघितली. लहान आहे, खालच्या मजल्यावर आहे, गॅलरीतून समोरची भिंत दिसते. सामान हलवताना तो मला एकदाही बोलला नाही. नव्या जागेच्या स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर चहाचं नवं भांडं आणि गाळणी ठेवलेली होती.

निघण्यापूर्वी शालनबाईला भेटले. मी तिच्याबद्दल काय काय लिहिलं होतं, ते तिला सांगितलं. गुटखा, चोरीचा माल, सगळं. ती ऐकून घेत होती, हसली नाही.

"छापनार?" तिने विचारलं.

"तुम्ही म्हणाल तर. नावं बदलून."

ती म्हणाली, "माझं खोटं बी लिवा. निस्तं तुमचंच नको." त्याप्रमाणे हे लिहिलं आहे. नावं बदलली आहेत, विलासरावांचंही.

परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही. जन्मभर मी दुसऱ्यांच्या बाकाखाली बघत आले. बघणाऱ्याकडेही कुणी बघत असतं आणि त्याच्या बसण्याने कुणाचं तरी बरं-वाईट होत असतं, हे त्या बोळात कळलं. माझा संशय पूर्ण चुकला असंही नाही. शालनबाई काहीतरी लपवत होती, हे मी बरोबर ओळखलं होतं. काय लपवते आहे, एवढंच चुकलं, आणि तेवढ्यात सगळं आलं. दोन महिन्यांत मी पुणं जवळजवळ पाहिलंच नाही. संपादक रागावतील.

मोर्शीला पोचले त्याच दुपारी घरी चहा न ठेवता बाहेर पडले. बस स्टँडच्या बाजूला एक चहावाला बसतो. त्याच्यासमोरून इतकी वर्षं मी बाजाराला गेले, पण त्याच्याकडे कधी बसले नव्हते. बसले, कागद काढले. तो कपडा मारता मारता माझ्याकडे तिरपं बघायला लागला. मग त्याला राहवलं नाही.

"काय लिहून राह्यल्या मॅडम? कोनाची चौकशी हाय का?"

"नाही," मी म्हणाले. "तुमच्याबद्दल लिहावं म्हणते. लिहू का?"

तो थांबला. कपडा खांद्यावर टाकला, आजूबाजूला पाहिलं, आणि माझ्यासमोर बसला.

"पह्यले चहा घ्या," तो म्हणाला. "मंग सांगतो."